टाळीवर सुटणारी गाडी

आमच्या घरी महालक्ष्मीच्या आरतीला कोणी टाळ्या वाजवत नाही. हात जोडून उभं राहायचं, तोंडानं म्हणायचं, बस. लग्न होऊन माझी बायको या घरात आली, तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं उत्साहानं टाळ्या सुरू केल्या आणि आजूबाजूच्या बायकांनी झटकन तिचे हात धरले. बिचारी घाबरली. तिला वाटलं, सोवळ्याओवळ्याची काही भानगड असेल, नाहीतर कुळातल्या एखाद्या बाईचा शाप असेल. माहेरी जाऊन तिनं तसं सांगितलंही. खरं कारण एवढंच होतं, की टाळी वाजली की आमच्याकडे आगगाडी सुटायची.

ही आगगाडी बाबांची. बाबा छोट्या लाइनवर ड्रायव्हर होते. नागपुरात मोठ्या गाड्यांना तोटा नाही, पण इतवारीहून निघून रानावनातून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या त्या बुटक्या गाडीची गोष्ट वेगळी. लोक तिला हसायचे. चालत्या गाडीतून उतरावं, बोरं तोडावी आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं, असं म्हणायचे. बाबांसमोर जो हा विनोद करील त्याला आमच्या घरी चहा मिळत नसे. मग तो आईचा सख्खा भाऊ का असेना.

आम्ही मोतीबागेच्या रेल्वे क्वार्टरात राहायचो. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या. असतात त्या उभ्याच, मुखवटे लावलेल्या, साड्या नेसलेल्या, चांगल्या माणसाएवढ्या उंच. तरी आम्ही त्यांना 'बसल्या' म्हणतो. त्यांच्यापुढे आरास मांडायची आणि गल्लीनं ती पाहायला यायचं. ज्याच्या घरात दवाखान्यातला कंपाउंडर, त्याच्याकडे सलाइनच्या नळीचं कारंजं. ज्याच्या घरात सुतार, त्याच्याकडे आपोआप पाणी शेंदणारी विहीर. मग ड्रायव्हरच्या घरात काय असणार?

बाबांनी गाडी स्वतः बनवली होती. तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन, काडेपेट्यांच्या खोक्यांचे डबे, आणि मालाच्या पेट्यांना बांधून येते त्या लोखंडी पट्टीचे रूळ. रूळ दोन्ही महालक्ष्म्यांना गोल वळसा घालून मागच्या पडद्याआड जायचे आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचे. पडदा म्हणजे आईच्या माहेरचं, उमरेडच्या मागावर विणलेलं लुगडं. गाडी ओढणारा रहाटही तिच्याच माहेरचा. विणकरांच्या घरी कांड्यांवर सूत भरायला असतो तो. लग्नानंतर आईनं तो आठवण म्हणून आणला होता आणि बाबांनी तो रेल्वेत भरती केला. त्याला दोरी गुंडाळली होती. बाबा पडद्यामागे बसून रहाट फिरवायचे, दोरी ओढली जायची आणि गाडी समोरून फिरायची. डब्यांत बत्तासे भरलेले असायचे. गाडी थांबली की पोरांनी एकेक घ्यायचा, हा आमच्याकडचा प्रसाद.

पण लोक यायचे ते गाडी पाहायला नाही. ऐकायला यायचे. बाबा तोंडानं इंजिन चालवायचे. झुकझुक वगैरे पोरकट प्रकार नाही. गाडी स्टेशनातून सुटताना इंजिन जड श्वास टाकतं, मग हळूहळू लय पकडतं, चढ लागला की धापा टाकतं, उतारावर मोकळं होतं, हे सगळं ते गळ्यातून काढायचे. शिटी दोन्ही तळहातांच्या ओंजळीतून. ती इतकी खरी की एकदा क्वार्टरातला एक फायरमन जेवता जेवता उठून डबा शोधायला लागला होता.

जन्मभर धूर खाल्लेला घसा तो. मध्येच कोरडा पडायचा. मग पडद्यामागून आवाज यायचा, "अवं, पाणी दे वं!" आई हातातलं हळदीकुंकू तसंच टाकून पाण्याचं फुलपात्र पडद्याखालून आत सरकवायची. दोन घोट घेतल्याचा आवाज, एक समाधानाचा "हां", आणि गाडी पुन्हा सुरू. आलेल्या बायकांना हे इतकं सवयीचं झालं होतं की पाण्याची हाक आली नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

यात कोणाचं काही अडत होतं, असं मला कधी वाटलं नाही. अडत होतं ते आईचं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

बाबा रिटायर झाले. क्वार्टर सुटलं. तिथून जवळच बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही आलो आणि महालक्ष्म्याही आमच्याबरोबर आल्या. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन सीताबर्डीवरच्या एका रेडिओच्या दुकानात कामाला लागलो होतो. शहरात टीव्ही नुकताच आला होता आणि त्याच्या पोटात हात घालणारे थोडेच होते. त्यामुळे माझी मान जरा ताठ होती. एके दिवशी दुपारी आई मुखवटे चिंचेनं घासत बसली होती. शेजारच्या काकू पापड सुकवून परत जाताना दारातून म्हणाल्या,

"काहून वं, रिटायर झाले तरी तुह्या मालकाले आरतीले सुट्टी नाही का?"

आई हसली. काकू गेल्यावर मात्र बराच वेळ एकच मुखवटा घासत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"तुले मशिनीतलं समजते ना? ती गाडी आपल्याआप चालली पाह्यजे. मागे कोणी बसलं नाही पाह्यजे."

"अन् बाबा?"

"ते माह्या बाजूले उभे राहतीन."

मग तिनं सांगितलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी आरतीच्या वेळी बाबा ड्यूटीवर होते. गाडीला सणवार नसतो. पुढच्या वर्षी गाडी केली, तेव्हापासून पडद्यामागे. सगळ्यांच्या घरी नवराबायको दोघं मिळून ताट धरतात, पुरणाच्या दिव्यांची आरती जोडीनं करतात. हिच्या ताटाला दुसरा हात कधी लागलाच नाही. सासूबाई होत्या तोवर त्या धरायच्या, नंतर ती एकटीच.

"एकदा जोडीनं आरती व्हावी. एकदाच. मंग बसू दे त्याईले जन्मभर पडद्यामागे," आई म्हणाली आणि मुखवटा पालथा ठेवला.

तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. दिवाळीला साडी आणली तरी "कायले आणली?" म्हणणारी बाई. मी त्याच दिवशी कामाला लागलो.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं कारण आईनं सांगू दिलं नव्हतं. मी आपलं, तुम्हाला त्रास होतो, घसा दुखतो, असं काहीबाही बोललो.

"ड्रायव्हर नसलेली गाडी पाह्यली का कधी?" बाबा म्हणाले. "अशी गाडी सुटली तं त्याले अपघात म्हणतेत गा."

"बाबा, मोटार लावतो. टेपवर आवाज लावतो. तुमी समोर बसून पाहा ना मजेत."

"मी समोर बसून काय करू? पॅसेंजर हाव का मी?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. बाबांचं नाही म्हणजे उठून अंगणात जाणं. ते बसून राहिले, म्हणजे परवानगी होती.

रहाटाला मी एका मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटार जोडली. मोटार चालली की रहाट फिरणार, दोरी ओढणार, गाडी पळणार. एवढं सोपं होतं. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. बटण दाबायला कोणीतरी बोर्डापाशी बसणार, म्हणजे एकाला उठवून दुसऱ्याला बसवल्यासारखं झालं. दूरवरून, हात न लावता गाडी चालली पाहिजे. दुकानात येणाऱ्या एका मासिकात टाळीवर लागणाऱ्या दिव्याची जोडणी छापून आली होती. जुन्या टेलिफोनमधला माइक टाळीचा आवाज पकडतो आणि आतला खटका पडतो. एका टाळीला चालू, दुसऱ्या टाळीला बंद. दिव्याच्या जागी मी मोटार लावली, आणि त्याच खटक्यावर टेपरेकॉर्डरही. गाडी चालली की आवाज सुरू, थांबली की आवाज बंद. त्या आठवड्यात मी दुकानात गिऱ्हाइकांशी जरा गुर्मीतच बोलत होतो, असं मालक म्हणाले.

आवाजासाठी टेप घेऊन मी इतवारी स्टेशनवर गेलो आणि खरं इंजिन रेकॉर्ड करून आणलं. बाबांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण हे दुसऱ्याचं हाय."

"कोणाचं दुसऱ्याचं?"

"जो चालवून राहिला त्याचं. माह्या गाडीत दुसऱ्याचं इंजिन काहून लावतेस?"

आईनं आतून डोळ्यांनी खुणावलं, ऐक त्यांचं. मग एका दुपारी घरातला पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारच्या काकूंना कुकर न लावण्याची विनंती, आणि बाबा टेपसमोर मांडी घालून बसले. अंगात इस्त्रीचा सदरा. फोटो काढायचा असल्यासारखे. मी बटण दाबलं आणि बाबांनी स्टेशन सोडलं. गाडी रानात शिरली, चढ आला, धापा लागल्या. मी घामानं भिजलो होतो, पण हलत नव्हतो. सगळं उत्तम चाललं होतं आणि ऐन उतारावर त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

"अवं, पाणी दे वं!"

आई तयारच असल्यासारखी फुलपात्र घेऊन आली. घोट, "हां", आणि पुढे शिटी. सगळं टेपवर. मी कपाळाला हात लावला.

"बाबा, पुन्हा घेऊ. मागचं पुसतो."

"कायले?" त्यांनी सदऱ्यानं तोंड पुसलं. "इंजिनाले पाणी लागते का नाही लागत? पाण्याशिवाय कुठलं इंजिन पोचलं गा आजवर?"

मी टेपरेकॉर्डर बंद केला. ते तसंच राहिलं.

पहिल्यांदा सगळं जोडून पाहिलं, तर गाडी आपल्याच शिटीनं थांबायची. माइकला बाबांची शिटी टाळीसारखीच वाटायची. मग मी माइक पडद्यापासून लांब, पुढच्या झेंडूच्या कुंडीत लपवला आणि पेचकसानं त्याचा कान असा पिळला, की शिटी ऐकू येऊ नये, गप्पा ऐकू येऊ नयेत, भांडं पडलेलं ऐकू येऊ नये, फक्त समोरची टाळी तेवढी ऐकू यावी. दोन दिवस त्यात गेले, पण जमलं. मग गल्लीतले लोक येऊन एकेक टाळी मारून जायला लागले. काकू सकाळ-संध्याकाळ यायच्या. आई पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं टाळी वाजवायची आणि पिठाचा ढग उडायचा. बाबा मात्र पेपरात तोंड घालून बसायचे. जणू घरात गाडी नाहीच.

एके दुपारी मी अवेळी घरी आलो. आई बाजारात गेली होती. बाहेरूनच ऐकलं, टाळी, आणि इंजिनाचा आवाज. पुन्हा टाळी, आणि शांतता. पुन्हा टाळी. दार ढकललं तर बाबा पाटावर बसलेले, अगदी समोर.

"काय करून राहिले बाबा?"

"डास हाय गा," ते म्हणाले. "मेला नाही अजून."

मी हसू दाबून पाणी प्यायला आत गेलो. आतून ऐकलं, डास आणखी बराच वेळ मेला नाही.

महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी घर भरून गेलं. आंबील, पुरण, सोळा भाज्या, सगळं आईनं आणि बायकांनी केलं होतं. दिवेलागणीला आरतीची तयारी झाली. आईनं लग्नातला शालू नेसला होता. पुरणाचे दिवे ताटात तेवत होते. बाबांनी सवयीनं सदरा काढायला सुरुवात केली, कारण पडद्यामागे उकडायचं, म्हणून ते नेहमी बनियनवर बसायचे. आई म्हणाली, "असू द्या सदरा. इकडे या. ताटाले हात लावा."

बाबा थबकले. तेव्हा त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि सदऱ्याची बटणं पुन्हा लावत तिच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. ताटाला हात लावला. आईनं मान खाली घातली होती, पण मी बाजूनं पाहत होतो, तिचे ओठ हलके हसत होते. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच मशिनी चालू केल्या, पण त्या क्षणासारखी धडधड पुन्हा झाली नाही. मी दारातून एक टाळी मारली. गाडी सुटली. पडद्यामागून बाबांचं इंजिन जड श्वास टाकत निघालं आणि बाबा स्वतः इकडे, देवीसमोर, ताट धरून उभे. लोकांनी "वा वा" केलं. काकूंनी दृष्ट लागू नये म्हणून कानशिलावर बोटं मोडली.

आणि आरती सुरू झाली.

मी शिटीचा विचार केला होता. भांड्यांचा, गप्पांचा, दारावरच्या कडीचाही केला होता. ज्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांत जास्त टाळ्या वाजायच्या, त्या दिवसासाठी मी टाळीवर चालणारी गाडी केली होती. आणि हे माझ्या, आईच्या, बाबांच्या, अख्ख्या गल्लीच्या डोक्यात आलं नव्हतं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

खोलीभर लोक तालात टाळ्या देऊ लागले. प्रत्येक टाळीला गाडी हिसका देऊन थांबायची, पुढच्या टाळीला हिसका देऊन सुटायची. आवाजाचंही तेच. बाबांची शिटी तुकड्यातुकड्यांनी यायची, उचकी लागल्यासारखी. डबे एकमेकांवर आपटायला लागले, बत्तासे उडून महालक्ष्मीच्या पायाशी पडायला लागले. पोरांना वाटलं हा नवीन खेळ, ती आणखी जोरात टाळ्या द्यायला लागली. लोक हसायला लागले, पण आरती मध्येच कशी सोडायची, म्हणून हसत हसत म्हणत राहिले, टाळ्या देत राहिले.

मी बाबांकडे पाहिलं. ते ताठ झाले होते. डोळे गाडीवर, मान पुढे. त्यांचा एक हात ताटावरून निघाला. गाडी संकटात आणि ड्रायव्हर बाहेर, हे त्या माणसाला सहन होणारं नव्हतं. त्यांनी पडद्याच्या दिशेनं पाऊल उचललं. मला वाटलं, झालं. संपलं. पुढल्या वर्षी हे पुन्हा पडद्यामागे.

आईच्या दोन्ही हातांत जळत्या दिव्यांचं ताट. त्यांना धरणार कशानं? तिनं आपला पाय त्यांच्या पायावर ठेवला. चांगला दाबून ठेवला. नवऱ्याला चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करणारी बाई, आणि तिनं भर आरतीत, महालक्ष्मीसमोर, सगळ्यांदेखत त्यांच्या पायावर पाय दिला. बाबांनी खाली पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, ती समोर बघत आरती म्हणत होती. पाय मात्र काढला नाही.

बाबा थांबले. हात परत ताटावर आला. आणि ते जागेवरूनच, यार्डात ओरडायचे त्या आवाजात ओरडले,

"टाळ्या बंद!"

एका क्षणात सगळे हात थांबले. नशीब असं की शेवटच्या टाळीला गाडी सुटलेली होती. ती आता नीट, सरळ पळायला लागली. लोकांनी हात जोडले. टाळ्यांशिवाय आरती फार वेगळी वाटते. सगळे आपोआप हळू म्हणायला लागले. मला त्या दिवशी पहिल्यांदा आईचा आवाज वेगळा ऐकू आला. बारीक आणि किंचित घोगरा. त्याच्या शेजारी बाबांचा, बेसूर. आणि पडद्यामागून पुन्हा बाबांचाच, चढावर धापा टाकणारा. मी दारात उभा होतो आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला हात मोकळे होते, पण पुसलं नाही.

मग उतार आला, आणि पडद्यामागून हाक आली, "अवं, पाणी दे वं!"

"आली!" म्हणत आई ताटासकट वळली.

हशानं खोली फुटली नुसती. काकू हसत हसत खाली बसल्या. बाबा आईशेजारी उभे आणि बाबाच पडद्यामागून पाणी मागताहेत, आणि आईला त्यातलं काहीच खटकलं नाही. तिला कळलं तेव्हा तीही हसायला लागली, इतकी की ताटातले दिवे हलायला लागले आणि बाबांनी दुसरा हातही ताटाला लावला. आरतीचं राहिलेलं कडवं कोणी म्हटलं की नाही, आठवत नाही. महालक्ष्मीला राग आला नसावा.

लोक जेवून गेल्यावर आई बाबांच्या पाया पडली.

"पाप लागलं मले. पाय दिला तुमच्यावर."

"हौ ना," बाबा म्हणाले. "अन् अंगठ्यावरच दिला."

मग त्यांनी एक टाळी मारली आणि समोर पाटावर बसून पहिल्यांदा उघडपणे गाडी पाहिली. दोन्ही महालक्ष्म्या, फुलोरा, समया, आणि मधून फिरणारं त्यांचं इंजिन. इतकी वर्षं त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या वाट्याला लुगड्याची उलटी बाजू यायची.

"समोरून बरी दिसते गा," ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, झाली का जोडीनं आरती मनासारखी?

"अर्धी," ती म्हणाली. "अर्धं ध्यान गाडीकडेच होतं त्याईचं." पण हे सांगताना ती इतकी खुशीत होती, की मी आणखी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी लांब वायरचं बटण करून आणलं. म्हटलं, आता वाजवा टाळ्या हव्या तेवढ्या. आईनं ते बटण परत माझ्या पिशवीत टाकलं. "नोको. टाळ्या नाही तं नाही. मले दोन्हीकडून ऐकू येतात ते." त्यानंतर बाबा दरवर्षी तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले, आणि टाळी न वाजवणं आमच्या घरात शिरलं ते शिरलंच. पाण्याच्या हाकेला आई दरवर्षी दचकायची, आणि त्या वेळी तिच्याकडे पाहायला लोक खास थांबायचे. नंतर नंतर ती मुद्दाम दचकायची, असा माझा संशय आहे.

बाबा गेले ते ऐंशीचं दशक संपता संपता. घशानंच नेलं त्यांना. ते वर्ष सुतकाचं गेलं. पुढच्या वर्षी महालक्ष्म्या पुन्हा बसल्या. माझं लग्न तोवर झालं होतं. गाडी लावायची की नाही, हे आईला विचारायचा मला धीर होईना. ती सकाळीच म्हणाली, "गाडी काढली का नाही माळ्यावरून?"

मी गाडी जोडली. उमरेडचं लुगडं बांधलं. टेप लावली. संध्याकाळी ताट तयार झालं, तेव्हा माझी बायको आईच्या उजव्या बाजूला उभी राहायला निघाली. तिला वाटलं, एकट्या सासूला आधार द्यावा. आईनं तिला प्रेमानं डाव्या बाजूला घेतलं. मग ताट तिच्या हाती देऊन आत गेली, पाण्यानं भरलेलं फुलपात्र घेऊन आली आणि वाकून ते पडद्याखालून आत सरकवलं.

बायकोनं हळूच विचारलं, "आई, हा कसला नैवेद्य?"

"नैवेद्य नाही वं," आई म्हणाली. "इंजिनाले पाणी लागते."

मग तिनं ताट परत घेतलं आणि मला मान हलवून खूण केली. मी टाळी वाजवली.